काळ सोकावतो

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण आपल्या घराघरांत आहे. कचेरीत पाचशे रुपये चारावे लागले याचे दुःख शेतकऱ्याला फार दिवस राहत नाही. पावसाने पीक झोडपले, बाजारात भाव पडला, की त्यापुढे पाचशे रुपयांचे काय ते? आपण विसरून जातो. पण ज्याने घेतले तो विसरत नाही. त्याला चव लागते. आज माझ्या घरातून गेले, उद्या शेजारच्या घरातून जातात, आणि बघता बघता तो त्याचा रिवाज होऊन बसतो.

गुरांच्या बाबतीत हे आपण बरोबर ओळखतो. एखादी गाय एकदा दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली तर लोक हाकलून देतात, फार तर मालकाला चार शब्द ऐकवतात. पुन्हा शिरली तर कोंडवाडा. आणि तिला चटकच लागली, तर गळ्यात लोढणे येते. म्हणजे पहिल्या वेळी एक न्याय आणि सोकावल्यावर दुसरा. मग खुर्चीवर बसलेला माणूस सोकावला तर त्याला कोणते लोढणे? सरकारने काही ठेवले आहे की नाही? गेल्या काही वर्षांत हे मला अनुभवाने आणि विचारपूस करून थोडेफार कळले. ते आपल्या शेतकरी बंधू-भगिनींना कळावे म्हणून लिहीत आहे.

माझे थोरले दीर २०१९ साली श्रावणात वारले. मागे जाऊबाई, दोन मुली आणि शाळेत जाणारा मुलगा. दिरांच्या नावावर साडेतीन एकर कोरडवाहू जमीन. दिवसकार्य झाले तशा जाऊबाई वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेल्या. सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय सोसायटी नवे पीककर्ज देणार नाही, हे गटसचिवांनी आधीच सांगितले होते. रब्बी तोंडावर होती.

तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "सोमवारी या." सोमवारी गेल्या तर भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगला. पुढच्या सोमवारी म्हणाले, मृत्यूच्या दाखल्याची आणखी एक प्रत आणा. ती नेली तर म्हणाले, "पोरींची नावं कशाला घालता? सासरी जायच्यात त्या. हक्कसोड लिहून द्या, काम लवकर होईल." मुलींचा हक्क कायद्याने मुलाइतकाच आहे, आणि सोडायचा की नाही हे ठरवायचे काम त्या मुलींचे. भाऊसाहेबांना त्यात पडायचे कारण नव्हते. जाऊबाईंनी मान हलवली नाही. मग सहाव्या खेपेला खरे ते बाहेर आले. "पाच हजार लागतील. मला एकट्याला नाही हो, वरपर्यंत द्यावं लागतं."

घरी येऊन जाऊबाई चुलीपुढे बसून राहिल्या. पोटच्या पोरांसाठी नवऱ्याचे नाव कमी करायचे, आणि त्याचेही पैसे मोजायचे! त्यांचे भाऊ म्हणाले, "आक्का, देऊन टाकू, वाद नको." माझ्या यजमानांचेही मन तसेच होऊ लागले होते. मी म्हटले, आठ दिवस थांबा.

त्याच आठवड्यात आमच्या बचत गटाची मासिक बैठक होती. हप्ते गोळा झाल्यावर मी जाऊबाईंची हकिगत सांगितली. एक बाई म्हणाली, "मलाबी असंच म्हनले व्हते. वरपर्यंत द्यावं लागतं म्हनून." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. पाच गुंठ्यांची खरेदीनोंद, विहिरीची नोंद, पीकपाहणी, बोजा कमी करणे. चौदा बायकांपैकी अकरा घरांत तोच अनुभव आणि तेच शब्द. यात मला नवल वाटले ते याचे, की आम्ही एका वाडीच्या, एका पाणवठ्याच्या बायका, पण एकीला दुसरीचे माहीत नव्हते. प्रत्येकीला वाटत होते, आपलेच कागद कमी असतील, आपलेच नशीब खोटे. पैसे दिल्याची लाज वाटते म्हणून कोणी बोलत नाही. आणि आपण बोलत नाही यावरच तर समोरच्याचा सगळा धंदा चालतो.

त्या रात्री आम्ही एक शंभर पानी वही घेतली. कोणाचे काम, कोणत्या तारखेला गेलो, कोण काय बोलले, किती मागितले, हे ज्याच्या त्याच्या तोंडून लिहून काढले.

माझी भाची तालुक्याला वकिली करते. तिने जाऊबाईंना पहिला प्रश्न विचारला, "पोच घेतली का?" कसली पोच? तेव्हा तिने सांगितले की महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. तोंडी कळवले तरी चालते. आणि कळवल्याबरोबर तलाठ्याने लेखी पोच द्यायची असते. "सोमवारी या" असे त्या कायद्यात कुठेही नाही. पुढे फेरफार नोंदवहीत नोंद करायची, चावडीवर नोटीस लावायची, संबंधितांना कळवायचे, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकाऱ्याने तपासून ती प्रमाणित करायची. रस्ता ठरलेला आहे. त्या रस्त्यावर पाच हजारांचा नाका कोठेच नाही.

आम्ही वारसनोंदीचा अर्ज रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह तलाठ्याला पाठवला आणि प्रत तहसीलदारांना दिली. तालुक्याच्या कचेरीत प्रतीवर शिक्का मारून घेतला. महिन्याभरात नोंद धरली गेली, आणि मार्गशीर्षात जाऊबाईंचे आणि तिन्ही मुलांचे नाव सातबाऱ्यावर आले. एक पैसा द्यावा लागला नाही. मात्र ज्वारीची पेरणी हुकली ती हुकलीच. सोसायटीचे कर्ज वेळेवर मिळाले नाही. माझ्या माहेरून हरभऱ्याचे बियाणे आणून दोन एकरांत उशिरा टाकले आणि जेमतेम घरापुरते पिकले. लाच दिली नाही तरी दिरंगाईची किंमत शेतकरी मोजतोच, हे कोणी हिशेबात धरत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. याच गावाला पूर्वी एक तलाठी होते. ते चावडीवाचनाला पारावर बसायचे, एकेक खाते मोठ्याने वाचायचे, आणि म्हाताऱ्या माणसाला "आजोबा, बरोबर आहे का?" म्हणून विचारायचे. त्यांच्याकडे तीन सजांचा कारभार होता, तरी कोणाचे काम अडले नाही. त्यांची बदली झाली तेव्हा बायांनी ओटी भरून त्यांच्या पत्नीला निरोप दिला. सगळेच सारखे, असे म्हणणे सोपे आहे. पण त्याने प्रामाणिक माणसाचे नाक कापले जाते आणि सोकावलेल्याला आडोसा मिळतो.

आमचे काम झाले, पण भाऊसाहेबांची सवय गेली नव्हती. २०२१ साली वाडीतल्या एका तरुणाने आजोबांच्या बक्षीसपत्राची नोंद घालायला दिली. त्याला आठ हजार मागितले, सहा हजारांवर तोडले. हा पोरगा शिकलेला. त्याने १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन लावला. त्या लोकांनी आधी पंचांसमक्ष खात्री केली की मागणी खरोखरच होते आहे. मग नोटांचे नंबर लिहून घेतले, नोटांना पूड लावली, आणि पैसे हातात पडताच भाऊसाहेब पकडले गेले. गावात दिवाळी झाल्यासारखे लोक बोलत होते. भाऊसाहेब निलंबित झाले.

आम्हाला वाटले, संपले. पण दोन वर्षांनी माझ्या धाकट्या नणंदेचा फोन आला. ती शेजारच्या तालुक्यात दिली आहे. म्हणाली, "वहिनी, तुमचे ते भाऊसाहेब आता आमच्या सजेवर आलेत. आमच्या सासऱ्यांच्या नोंदीला गेलो तर काय म्हणाले असतील? वरपर्यंत द्यावं लागतं!" निलंबन उठले होते. आधी बैठ्या कामावर घेतले, मग माणसे कमी म्हणून सजा दिली. खटला अजून चालूच होता.

माझा संताप झाला. भाचीला विचारले, "एकदा पकडलेला माणूस पुन्हा तेच करतो, मग त्याला जास्त शिक्षा नाही का?" ती म्हणाली, "मावशी, आहे. पण कायद्याचे मोजमाप वेगळे आहे. निकाल लागेपर्यंत तो कायद्याने निर्दोषच." आणि मग तिने जे सांगितले ते मी त्याच शंभर पानी वहीत मागच्या बाजूला लिहून घेतले.

लाच घेणे हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ याच्या कलम ७ खाली गुन्हा आहे. आज त्याला कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे, शिवाय दंड. हे एकदाच्या गुन्ह्याचे. १९८८ साली कायदा झाला तेव्हा त्यात कलम १३ होते आणि त्यात सवयीने लाच घेणे हा वेगळा गुन्हा मानला होता. सवय हा शब्दच कायद्यात होता. पुढे २०१८ साली जुलै महिन्यात दुरुस्ती अमलात आली आणि कलम १३ मधून तो भाग निघाला. त्याच दुरुस्तीने कलम १४ नव्याने लिहिले गेले. त्यात असे आहे की या कायद्याखाली एकदा दोषी ठरलेल्या माणसाने पुन्हा या कायद्याखालचा गुन्हा केला तर त्याला कमीत कमी पाच वर्षे आणि जास्तीत जास्त दहा वर्षे कैद आणि दंड.

ऐकायला हे लोढणे चांगले जड आहे. पण त्यातली मेख पाहा. 'पकडलेला' वेगळा आणि 'दोषी ठरलेला' वेगळा. कोर्टाचा पहिला निकाल लागल्यावर जो दुसरा गुन्हा होईल, त्यालाच हे कलम लागणार. आणि लाचेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस बहुधा नोकरीतून जातोच, म्हणजे पुन्हा लाच घ्यायला त्याच्याकडे खुर्चीच राहत नाही. खरा धोक्याचा काळ आहे तो पकडले गेल्यापासून निकाल लागेपर्यंतचा. गाव सवय मोजते ती माणसांच्या तोंडावरून. अकरा बायका म्हणाल्या की आमच्या दृष्टीने तो सोकावलेला. कायदा सवय मोजतो निकालांवरून, आणि निकाल एकही लागलेला नाही.

निकाल का लागत नाही? खटला भरायला नेमणूक करणाऱ्या वरिष्ठांची मंजुरी लागते. तिच्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, आणि ती आणखी एक महिना वाढू शकते. खटला शक्यतो दोन वर्षांत संपवावा आणि कितीही वाढवला तरी चार वर्षांच्या पुढे जाऊ नये, असे २०१८ च्या दुरुस्तीत लिहिले आहे. आमच्या वाडीच्या खटल्याने हे सारे आकडे मागे टाकले. तारखा पडत राहतात. एकदा वकील नाही, एकदा पंच नाही. दरम्यान त्या तरुणाच्या आईकडे माणसे येऊन गेली. "त्याचीही लेकरंबाळं आहेत, तुम्ही काय मिळवणार?" शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हेही तिला ऐकवून झाले. आई डगमगली होती. पोराने मात्र गेल्या वर्षी साक्ष दिली आणि मागणी कशी झाली ते शब्दाला शब्द सांगितले. निकाल अजून यायचा आहे.

पूर्वी साक्षीदार फुटला किंवा वारला की खटला कोसळल्यात जमा होई. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की तक्रारदार वारला, फिरला किंवा साक्षीला आला नाही, तरी इतर पुराव्यावरून आणि परिस्थितीवरून लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते. म्हणजे मागे राहिलेला कागद, तारीख, पोच यांना आता आणखी मोल आले.

लाचेची गोष्ट झाली. पण पैसे न मागता नुसती अडवणूक करणारेही असतात. त्यांच्यासाठी काय? एखाद्याचे नुकसान व्हावे अशा हेतूने, जाणूनबुजून कायद्याची आज्ञा मोडणाऱ्या सरकारी नोकराला एक वर्षापर्यंत कैद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम १६६ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम १९८ आहे. पण हेतू सिद्ध करणे हे अवघड काम. त्यापेक्षा सोप्या वाटा दोन आहेत. माहितीचा अधिकार, २००५ हा कायदा सांगतो की तीस दिवसांत माहिती दिली नाही तर दिवसाला अडीचशे रुपये, आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड अधिकाऱ्याच्या खिशातून; आणि तो वारंवार टाळाटाळ करत असेल तर त्याच्यावर शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस. दुसरा आपल्या राज्याचा लोकसेवा हक्क कायदा, २०१५. यादीतली सेवा मुदतीत दिली नाही तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड, आणि पुन्हा पुन्हा कसूर करणाऱ्याची जबाबदारी ठरवण्याची वेगळी तरतूद. या दोन्हींत तुरुंग नाही. पण 'वारंवार' हा शब्द आहे, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे.

कारण 'वारंवार' म्हणजे किती वेळा, हे मोजायचे कशावरून? कागदावरून. आपण पन्नास वेळा खेटे घातले आणि पन्नास वेळा तोंडी बोलून परत आलो, तर सरकारदरबारी त्याची बेरीज शून्यच. दुसऱ्या गुन्ह्याला जास्त शिक्षा आहे, पण पहिलाच कोठे लिहिलेला नसेल तर पुढचा प्रत्येक गुन्हा हा पहिलाच! असा माणूस तीस वर्षे नोकरी करून, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच चुकून, सन्मानाने निवृत्त होतो. गावाने त्याला मनात शंभर शिव्या दिलेल्या असतात, पण त्या त्याच्या सेवापुस्तकात कोठे लिहिलेल्या असतात?

रयतेच्या बाजूने अंमलदाराला जाब विचारणे ही काही आजची टूम नव्हे. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात, रयतेच्या मालाचा लोभ धरू नये आणि ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैल घ्यायला मदत करावी, अशी ताकीद आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कामगारांच्या हातून शेतकरी कसा नागवला जातो हेच मांडले. तेव्हा तक्रार केली म्हणजे आपण भांडखोर झालो, असे वाटून घेण्याचे कारण नाही.

आता आमच्या नणंदेचे काय झाले ते सांगते. मी तिला फोनवर एवढेच सांगितले, "अर्ज दोन प्रतींत कर. एकीवर पोच घे. देत नसतील तर पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. कलम १४९ चा उल्लेख कर." ती आणि तिचे सासरे गेले. भाऊसाहेबांनी कागद वाचला, तिच्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "तुम्ही कोणत्या गावच्या?" तिने माहेरच्या गावाचे नाव सांगितले. पोच मिळाली. नोंदही मिळाली. तिच्या सासऱ्यांनी मात्र एक मोलाची गोष्ट केली. गावात विचारपूस करून ज्यांची कामे अडली होती त्या सात जणांना घेऊन ते प्रांत कचेरीत गेले आणि प्रत्येकाचा वेगळा, तारीखवार अर्ज दिला. सगळ्यांचा मिळून एक अर्ज असता तर तो एकच कागद झाला असता. सात अर्जांच्या आवक नोंदी सात झाल्या. विभागाची चौकशी कोर्टाच्या खटल्यासाठी थांबून राहत नाही, ती वेगळी चालू शकते. तशी ती सुरू झाली, आणि भाऊसाहेबांची सजा काढून घेतली गेली.

वाचकांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात, एवढी विनंती आहे. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पोच देण्याचे काम नाव बदलल्याने सुटलेले नाही. कोणताही अर्ज पोचेशिवाय देऊ नये. उत्तर नाही आले तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आपल्या अर्जाचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. लाच मागितली तर देण्याच्या आधीच १०६४ वर कळवावे. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. जबरदस्तीने द्यावीच लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवले तरच संरक्षण आहे. आणि खोटी तक्रार कोणाविरुद्ध कधीही करू नये. एका खोट्या तक्रारीने दहा खऱ्या तक्रारींवरचा विश्वास उडतो.

आमची ती शंभर पानी वही अजून बचत गटाच्या पेटीत आहे. पाने निम्मी भरली आहेत. अलीकडे तिच्यात एक नवी नोंद पडली: मोजणीचा अर्ज दिला, पोच त्याच दिवशी मिळाली, कोणी काही मागितले नाही. चांगल्या कामाचीही तारीख लिहून ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे. तुमच्या गावातही अशी एक वही सुरू करा. खर्च चाळीस-पन्नास रुपयांचा आहे.